सूर लावून देणारा माणूस

माथेरान आज कर्जत तालुक्यात येते. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढून गेले, तेव्हा हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. त्यानंतर पाचच वर्षांत मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन वर आले. जंगलातून वाटा आखल्या गेल्या, बंगले उठले आणि साहेबांच्या वस्तीमागोमाग चर्चही आले. अँग्लिकन पंथाचे सेंट पॉल आणि कॅथलिकांचे होली क्रॉस ही दोन्ही चर्चे आजही तिथे उभी आहेत. पॉइंट पाहायला निघालेली मंडळी त्यांच्यावरून पुढे निघून जातात.

अशा चर्चचा इतिहास लिहिताना गव्हर्नर येतात, बिशप येतात, देणगीदार येतात. रविवारी सकाळी जमलेल्या माणसांकडून भक्तिगीते म्हणवून घेणारा माणूस मात्र त्यात सहसा सापडत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या जवळपास चौसष्ट वर्षांत, इंग्लंडच्या गावोगावी आणि इंग्रज जिथे जिथे गेले तिथे तिथे हा माणूस होता. ऑर्गन वाजवणारा तोच, गाणाऱ्या मुलांना शिकवणारा तोच, चाली निवडणारा, बसवणारा आणि प्रसंगी रचणाराही तोच. त्याचे काम काय होते हे नीट पाहिले तर कर्जत-खालापूरच्या भजनी मंडळातले पेटीवरचे बुवा आपल्याला वेगळ्याच नजरेने दिसू लागतात. म्हणून हा लेख त्या माणसाविषयी आहे.

आधी त्याचे वाद्य समजून घेऊ. मोठ्या चर्चमधला पाइप ऑर्गन म्हणजे शेकडो, कधी हजारो नळ्या. काही लाकडाच्या, काही शिसे-कथलाच्या मिश्रधातूच्या. खर्जातली नळी सोळा फूट, क्वचित बत्तीस फूट उंच असते, आणि सगळ्यात बारीक नळी पेन्सिलीएवढीही नसते. प्रत्येक नळीतून एकच स्वर निघतो. चामड्याचा प्रचंड भाता हवा भरतो, ती हवा लाकडी पेटीत दाबून धरलेली असते, आणि पट्टी दाबली की त्या नळीखालची झडप उघडते. हातांसाठी पट्ट्यांच्या दोन-तीन ओळी एकावर एक असतात. पायांसाठी लाकडी दांड्यांची वेगळी ओळ असते, तिच्यावर खर्ज वाजतो. दोन्ही बाजूंना ओढायच्या खुंट्या. कोणती खुंटी ओढली यावर बासरीसारखा आवाज येईल की तुतारीसारखा, हे ठरते.

पट्टी कितीही जोरात दाबली तरी आवाज वाढत नाही, हे या वाद्याचे मोठे वैशिष्ट्य. बोट असेपर्यंत स्वर अखंड चालू राहतो आणि उचलताक्षणी तुटतो. त्यामुळे ऑर्गनवादकाची खरी परीक्षा बोट ठेवण्यात नसते, बोट उचलण्यात असते. शब्द कुठे संपला, गाणाऱ्यांनी श्वास कुठे घ्यायचा, हे तो बोटे उचलून सांगतो. शंभर माणसे एकाच क्षणी श्वास घेतात, ते त्या उचललेल्या बोटांमुळे.

विजेच्या आधी ही हवा माणूसच भरायचा. ऑर्गनच्या मागे किंवा बाजूला एक लांब दांडा असे आणि तो खालीवर करायला एखादा पोरगा किंवा म्हातारा ठेवलेला असे. भात्याला दोरी बांधून तिच्या टोकाला शिशाचा एक लहानसा गोळा लटकवलेला असे. भाता भरला की गोळा एका खुणेपर्यंत सरके, हवा संपत आली की दुसऱ्या खुणेकडे. दांडा मारणाऱ्याची नजर त्या गोळ्यावर. त्याचा डोळा लागला तर भर उपासनेत ऑर्गन रडका सूर काढून गप्प व्हायचा. वादकाची स्वतःची अडचण निराळी. त्याची पाठ बहुतेक वेळा पाद्रीबुवांकडे आणि गाणाऱ्यांकडे असे. मग डोळ्यांसमोर एक आरसा टांगलेला. त्या आरशात पाहून तो उपासना कुठे आली हे ओळखायचा. मोठ्या कॅथीड्रलमध्ये लांबून आवाज पोचायलाही वेळ लागतो. कानाला ऐकू येणाऱ्या गाण्याच्या मागे लागले तर लय हळूहळू मंदावते, म्हणून त्याला कान थोडे बाजूला ठेवून मनातल्या लयीवर वाजवावे लागे.

या कामावर माणसे कशी घडत, ते जॉन स्टेनर यांच्या आयुष्यात चांगले दिसते. जन्म १८४०, लंडनच्या सदर्क भागातला. लहानपणीच एका डोळ्याची दृष्टी गेली. आवाज गोड होता म्हणून लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये गाणाऱ्या मुलांत घेतले. तिथेच गाता गाता ऑर्गन शिकला. फ्रेडरिक ऊसली या संगीतज्ञ पाद्र्यांनी टेनबरी इथे नुकतेच एक विद्यालय काढले होते. त्यांनी या पोराला, वय अवघे सोळा, आपल्याकडे ऑर्गनवादक म्हणून नेमले. विसाव्या वर्षी तो ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात गेला आणि १८७२ मध्ये, जिथे लहानपणी गात होता त्याच सेंट पॉलमध्ये मुख्य ऑर्गनवादक होऊन परत आला. त्याच वर्षी हेन्री विलिस या नामांकित कारागिराने तिथला ऑर्गन नव्याने बांधून दिला.

स्टेनर आले तेव्हा तिथल्या गाणाऱ्यांची स्थिती फार बरी नव्हती. माणसे कमी, तालमी अपुऱ्या. त्यांनी गाणारे वाढवले, तालीम नियमित केली, मुलांच्या शाळेकडे लक्ष दिले. काही वर्षांतच सेंट पॉलचे गाणे इंग्लंडातल्या इतर चर्चांना नमुना ठरले. १८८८ मध्ये दृष्टी आणखी अधू झाल्यामुळे त्यांनी ही जागा सोडली. त्यांची जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती या मोठ्या पदापेक्षा वेगळी आहे. सरकारने त्यांना संगीताचे निरीक्षक नेमले होते. शिक्षक होऊ घातलेल्या तरुण मुलामुलींना गाणे येते की नाही, हे तपासत ते महाविद्यालयांतून फिरत. आणि १८८७ मधली त्यांची ‘द क्रूसिफिक्शन’ ही रचना मोठ्या कॅथीड्रलसाठी नव्हती. साध्या चर्चमधल्या, दिवसभर दुकानात किंवा कचेरीत राबून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या माणसांना झेपेल अशा बेताने ती बांधलेली आहे. आपल्या हाताखालच्या माणसांचा गळा कुठवर जातो हे ओळखून चाल बांधणे, हे मोठ्या संगीतकारांनाही सहज जमत नाही.

सगळेच स्टेनरसारखे सुदैवी नव्हते. सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली हे त्यांच्या आधीच्या पिढीतले सर्वांत प्रतिभावान ऑर्गनवादक. हेरफर्ड, एक्सेटर, लीड्स, विंचेस्टर, ग्लॉस्टर अशा पाच ठिकाणी त्यांनी नोकऱ्या केल्या आणि बहुतेक ठिकाणी वरिष्ठांशी त्यांचे खटके उडाले. हेरफर्डला असताना एका ईस्टरच्या दिवशी गायला लहान मुले आणि भारी आवाजाचा एकच पुरुष, एवढेच जण हाताशी होते. तो पुरुषही चर्चप्रमुखांच्या घरचा नोकर. वेस्लींनी तेवढ्याच गळ्यांसाठी एक रचना लिहून दिली आणि ती आजही इंग्रजी चर्चमध्ये गायली जाते. १८४९ मध्ये त्यांनी कॅथीड्रलमधल्या संगीताच्या दुर्दशेवर एक पुस्तिका लिहिली. गाणाऱ्यांची संख्या अपुरी, पगार तुटपुंजा, आणि ज्यांना संगीतातले काही कळत नाही त्यांच्या हाती सगळा कारभार, असा तिचा रोख. त्यांना मासेमारीचा विलक्षण नाद होता. विंचेस्टरला असताना ऑर्गनवर शिष्याला बसवून ते नदीवर जात, अशी तक्रार होती.

तक्रार खरी असेल. पण त्या नोकरीची घडण पाहिली तर माणूस नदीवर का जातो तेही कळते. ऑर्गनवादक हा चर्चचा पगारी सेवक. गीत कोणते म्हणायचे यावर अखेरचा शब्द पाद्र्याचा. पगारात घर चालत नसे, म्हणून आठवडाभर सुखवस्तू घरच्या मुलींना पियानो शिकवायचा, शाळेत गाणे घ्यायचे, गावातल्या गायनसंस्थेची तालीम घ्यायची. मुलांची तालीम रोजची, मोठ्यांची आठवड्यातून एकदा संध्याकाळी. आणि मुलांच्या बाबतीत निसर्गच घड्याळ लावून बसलेला. आठव्या-नवव्या वर्षी घेतलेला मुलगा तयार व्हायला तीन-चार वर्षे लागतात. तो ऐन बहरात येतो आणि तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो. पुन्हा नवा मुलगा, पुन्हा पहिल्यापासून. असे तीस-चाळीस वर्षे करत राहणारी माणसे त्या काळात इंग्लंडभर होती.

बायकांना तर हे दार जवळपास बंदच होते. एलिझाबेथ स्टर्लिंग या लंडनमधल्या दोन चर्चांमध्ये मिळून चाळीसेक वर्षे ऑर्गनवादक होत्या, १८३९ ते १८८०. बाखच्या अवघड रचना वाजवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. १८५६ मध्ये ऑक्सफर्डच्या संगीताच्या पदवीसाठी लागणारी रचना त्यांनी लिहून दिली आणि ती मान्यही झाली. पदवी मात्र मिळाली नाही, कारण त्या स्त्री होत्या.

या पेशाला एवढी मागणी कशी आली? आधी इंग्लंडच्या खेडोपाडी चर्चमध्ये ऑर्गन नव्हताच. मागच्या माडीवर गावातलेच पाच-सहा वादक बसत. कोणी फिडल वाजवी, कोणी क्लॅरिनेट, कोणी चेलो. आठवडाभर जोडे शिवणारी, शेत नांगरणारी ही माणसे रविवारी चर्चमध्ये आणि इतर दिवशी लग्नात, जत्रेत वाजवत. १८३०-४० नंतर नव्या विचारांच्या पाद्र्यांना हे गावठी वाटू लागले. माड्या पाडल्या, वादकांना रजा मिळाली, पांढरे झगे घातलेली मुले वेदीजवळ बसवली आणि एक ऑर्गन किंवा हार्मोनियम आणून ठेवला. टॉमस हार्डीच्या १८७२ मधल्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या कादंबरीत नेमकी हीच घटना आहे, आणि ती वाचताना जुन्या वादकांबद्दल पोटात तुटते. १८६१ मध्ये ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ हा भक्तिगीतांचा संग्रह निघाला आणि गावोगावी तीच गीते, त्याच चाली जाऊन पोचल्या. पुस्तक आले, वाद्य आले, आता ते बसवून घेणारा हवा. १८६४ मध्ये ऑर्गनवादकांची परीक्षा घेणारे कॉलेजही लंडनमध्ये स्थापन झाले.

तरी मुख्य पेच राहतोच. ज्यांना स्वरलिपी वाचता येत नाही त्यांना चार वेगवेगळे स्वर एकाच वेळी कसे गायला लावायचे? त्यावर तोड काढली जॉन कर्वेन या पाद्र्याने, नॉरिचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या पद्धतीवरून. त्यांनी पाच रेघांची स्वरलिपी बाजूला ठेवली आणि स्वरांची फक्त आद्याक्षरे लिहिली. पहिला स्वर कुठल्याही पट्टीत धरायचा, बाकीचे त्याच्या नात्याने ओळखायचे. आपल्याकडच्या मुलाला हे समजावून सांगावेच लागणार नाही. षड्ज कुठेही धरा, रे-ग-म त्याच्यावरून आपोआप ठरतात, हे तो पहिल्या धड्यातच शिकतो. इंग्लंडमधल्या गिरणीकामगारांची आणि खाणकामगारांची मोठमोठी गायकवृंदे या पद्धतीवर उभी राहिली.

आता मुंबईकडे येऊ. फोर्टमधले सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उघडले आणि १८३७ मध्ये, राणी गादीवर आली त्याच वर्षी, त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. कॅथीड्रल म्हटले की गाणारी मुले हवीत. ती मुंबईत कुठून आणायची? १८७५ मध्ये या चर्चला गाणारी मुले मिळावीत म्हणून एक शाळा काढण्यात आली. आज कॅथीड्रल अँड जॉन कॉनन या नावाने जी शाळा मुंबईत प्रसिद्ध आहे तिच्या वंशावळीत ही गाणाऱ्या मुलांची शाळा आहे. प्रवेशासाठी तिच्या दारात उभ्या राहणाऱ्या किती आईबापांना ते ठाऊक असेल?

मुंबईत बोटीने ऑर्गन आणता येई. आपल्या भागात मात्र पंचाईत होती. मुंबईहून निघालेली रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. खंडाळा ते पुणे हा तुकडा १८५८ मध्ये सुरू झाला, पण मधला बोरघाट रेल्वेने जोडला गेला तो १८६३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत पुण्याकडे जाणारा प्रत्येक जड डाग खोपोलीला उतरवून घाटरस्त्याने चढवावा लागे. माथेरानची गोष्ट तर त्याहून कठीण. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. तोवर साहेब घोड्यावर किंवा खुर्चीत बसून आणि सामान हमालांच्या डोक्यावरून जाई. त्यात तिथला पाऊस, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास. पावसाळ्यात गाव रिकामे होई, बंगल्यांना झडपा लागत. अशा दमट हवेत लाकूड फुगते, भात्याच्या चामड्याला बुरशी येते, झडप अडकली की एखादी नळी कुणी न दाबताच वाजत राहते. वाळवी आणि उंदीर निराळेच. नळ्यांचा ऑर्गन हे डोंगरावर नेण्याचे वाद्यच नव्हे.

तिथे कामाला आला हार्मोनियम. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४० च्या सुमारास या वाद्याला हे नाव देऊन त्याचे हक्क घेतले. नळ्या नाहीतच. पितळेच्या चौकटीवर एका टोकाला बसवलेली पितळेची पातळ पट्टी, आपण तिला सूर म्हणतो, हवेच्या दाबाने थरथरते आणि स्वर निघतो. एका लाकडी कपाटात सगळे मावते. हात पट्ट्यांवर, पाय भात्यावर, म्हणजे दांडा मारणाऱ्या पोराचीही गरज नाही. किंमत कमी, वजन कमी, हवामानाची कटकटही त्या मानाने कमी. मिशनरी आणि पलटणीतले पाद्री हे कपाट घेऊन जगभर गेले. व्हिक्टोरियन काळातल्या हिंदुस्थानात लहान चर्चचा खरा ऑर्गन हाच.

इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून आपल्या शेजारी, गोव्यात, हा सूर लावून देणारा माणूस पूर्ण प्रतिष्ठेने वावरत होता, हे मात्र आपण विसरतो. गोव्यात त्याला ‘मेस्त’ म्हणतात. पोर्तुगीज अमलात १५४५ पासून चर्चच्या जोडीने गावशाळा सुरू झाल्या. तिथे मुलांना वाचन, धर्मशिक्षण आणि संगीत शिकवत. मेस्त हा त्या शाळेचा मास्तर आणि चर्चमधल्या गाण्याचा प्रमुख. आधी नुसता गळा, स्वर वाचून गाणे. त्यात मुलगा पक्का झाल्याशिवाय हातात व्हायोलिन मिळायचे नाही. चर्चची उपासना, फेस्त, गावातल्या क्रुसासमोर म्हणायच्या लदिनी नावाच्या प्रार्थना, लग्न, अंत्ययात्रा, सगळीकडे मेस्त आणि त्याची पोरे. चाळीस दिवसांच्या उपासकाळासाठी तो स्वतः ‘मोतेत’ नावाच्या रचना बांधायचा, आवाजांच्या जोडीला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि खर्जाचे तंतुवाद्य घेऊन. यातल्या कित्येक रचनांवर रचणाऱ्याचे नावही नाही. हाताने उतरवलेल्या वह्या एका मेस्ताकडून दुसऱ्याकडे जात राहिल्या. उधईने किती खाल्ल्या त्याचा हिशेब कोण ठेवणार? हा गोव्याचा मोठा ठेवा आहे, आणि त्याची नीट नोंद होणे ही तातडीची गरज आहे असे मी मनापासून मानतो.

व्हिक्टोरियाच्याच काळात गोव्यातल्या कुडतरीचे लिगोरिओ कॉश्त (१८५१–१९१९) आणि आर्नाल्दो द मेनेझीस (१८६३–१९१७) यांनी मांडो या गीतप्रकाराला रूप दिले. घरच्या दिवाणखान्यातले हे कोंकणी प्रेमगीत. त्याच्या सुरावटीत चर्चमधल्या तालमीचा ठसा स्पष्ट ऐकू येतो. आणि जे गोंयकार पोट भरायला मुंबईला आले ते या गावशाळांतली स्वरलिपी बरोबर घेऊन आले. बँडपथके, हॉटेले, मूकपटांची थिएटरे आणि पुढे हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद त्यांच्यावर उभे राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे वडील गावच्या चर्चमधले गायनप्रमुखच होते. अँथनींनी मुंबईत व्हायोलिन शिकवले, आणि त्यांच्या शिष्यांपैकी प्यारेलाल यांनी १९७७ मधल्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात आपल्या गुरूचे नाव अजरामर केले. ते गाणे कर्जतच्या प्रत्येक गणपती मिरवणुकीत वाजलेले असेल. त्यातले नाव एका मेस्ताच्या मुलाचे आहे.

इकडे हार्मोनियम चर्चच्या दाराबाहेर पडला होता. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात त्याचे पाय काढून टाकले आणि भाता पाठीमागे हाताशी आणला. खुर्चीवर बसून वाजवायचे वाद्य मांडी घालून बसणाऱ्याचे झाले. आपल्याकडे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. नाटक गाण्यांनी भरलेले. गाणाऱ्या नटाला आधार हवा, आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यायला हवा. संगीत नाटकाने पेटी उचलली ती यासाठी. १९११ च्या ‘मानापमान’चे संगीत ज्यांनी दिले ते गोविंदराव टेंबे मुळात पेटीवादकच. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तर पायांनी भाता मारायचा ऑर्गन आला आणि त्याचा तो भरदार, न तुटणारा सूर म्हणजेच नाट्यसंगीताचा सूर असे समीकरण मराठी कानात पक्के झाले. पडद्याआडून नांदीचा पहिला सूर येताच प्रेक्षक सावरून बसतो. तो सूर ज्या वाद्यातून निघतो ते आपल्याकडे आले होते मुख्यतः ख्रिस्ती प्रार्थनेसाठी.

शास्त्रीय गाण्यातल्या जाणकारांनी पेटीला मनापासून कधी स्वीकारले नाही. पेटीचे बारा स्वर ठोकून बसवलेले. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे म्हणून बहुतेक स्वर नैसर्गिक जागेवरून थोडे सरकवलेले. मींड नाही, श्रुती नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमंट्स हे मुलकी सेवेतले इंग्रज अधिकारी यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवण्याचा ध्यास घेतला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिची चर्चा झाली, पण ती रुजली नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. हे भांडण फक्त आपले आहे असा आपला समज असतो. तसे नाही. इंग्लंडमध्ये ऑर्गनचे बारा स्वर सारखे करायचे की जुन्या पद्धतीने काही स्वर शुद्ध राखायचे, यावर व्हिक्टोरियाच्या काळातच वाद पेटला होता. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्ज हॉलमध्ये १८५५ मध्ये बसवलेला ऑर्गन जुन्याच पद्धतीने लावून घेणारे होते आपले मघाचे वेस्ली. बारा वर्षांनी तो नव्या पद्धतीने लावला गेला. देवलांना जी बोच होती तीच वेस्लींनाही होती. दोघेही हरले. त्या काळात प्रवाहाविरुद्ध उभे राहिल्याबद्दल मला दोघांविषयी आदर वाटतो.

सोयीचे वाद्य जिंकले त्याला कारणही भक्कम होते. खालापूर तालुक्यात महडच्या वरदविनायकाच्या परिसरात असो की कर्जतच्या एखाद्या वाडीवर अखंड हरिनाम सप्ताहात असो, भजनाला बसणारी माणसे दिवसभर शेतात, वीटभट्टीवर, खोपोलीच्या कारखान्यात किंवा लोकलने मुंबईला जाऊन राबून आलेली असतात. त्यांना श्रुतींची चिकित्सा नको असते, त्यांना एक असा सूर हवा असतो जो पखवाज आणि वीस जोड टाळांच्या वर उठून ऐकू येईल आणि मध्येच सोडून जाणार नाही.

इथे बुवांचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. भजन सुरू होण्याआधी ते पट्टी ठरवतात. काळी एक, काळी दोन, पांढरी चार ही नावे मराठी गाणाऱ्याच्या जिभेवर इतकी बसली आहेत की आपला गळा कुठे लागतो हे तो याच पट्ट्यांवरून सांगतो. आज मंडळात कोण आले आहे, कोणाचा घसा बसला आहे, पुढचे चक्रीभजन किती वेळ चालणार आहे, हे सगळे मनात धरून बुवा अर्धी पट्टी खाली येतात किंवा वर जातात. उजवा हात चाल वाजवतो, डावा भाता मारतो, तोंडाने अभंग, आणि मान पखवाजवाल्याकडे. ओळ म्हणून झाली की ते थांबतात आणि मागचे ती ओळ उचलतात. नवखा पोरगा वरच्या सुराला कमी पडला की बुवा त्याच्याकडे बघत नाहीत, पेटीवर तो सूर जरा जास्त वेळ दाबून धरतात. पोरगा पुढच्या खेपेला तिथे पोचतो. स्वरलिपी नाही, पुस्तक बहुधा नाही, असलीच तर हाताने लिहिलेली अभंगांची वही.

फरकही मोठे आहेत. चर्चमध्ये चार जातींचे आवाज चार वेगळ्या ओळी एकाच वेळी गातात आणि त्या एकमेकींत बसवणे हे वादकाचे कसब. भजनात ओळ एकच, ती आधी पुढून येते आणि मग मागून, आणि लय चढत जाते. ऑर्गनवादक छापील चालीला बांधलेला, बुवा जागेवर तान घेतील, गजर वाढवतील, समोरच्यांचा रंग पाहून चाल बदलतील. चर्चचा वादक पगारी, बुवांना बहुतेक गावांत नारळ आणि फार तर शाल मिळते. पोटासाठी ते दुसरेच काही करत असतात.

पेटी बिघडली की तिचे दुखणे मात्र डोंगरावरच्या त्या जुन्या हार्मोनियमचेच. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात, भाता हवा धरत नाही, पितळी सुराखाली धुळीचा कण अडकला की तो मुका होतो. दुरुस्त करणारा पेटी उघडतो, सूर खेचून काढतो आणि कानाशी धरून फुंकर मारून ऐकतो. उतरलेला सूर चढवायचा असेल तर त्याचे मोकळे टोक अगदी हलक्या हाताने खरवडतो, कारण टोक हलके झाले की ते जलद थरथरते. चढलेला उतरवायचा असेल तर बुडाकडची बाजू खरवडतो. कर्जत-खालापूरच्या मंडळांच्या पेट्या गणपतीच्या आधी अशा उघडल्या जातात, आणि तेव्हा बुवांनी शेजारी बसून प्रत्येक सूर आपल्या कानाने तपासून घ्यायचा असतो.